असिरियन सैनिकांना सोनेरी रंग नको

प्रश्न : सर, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे मी दरवर्षी स्वतः रंगवतो. यंदा २८ मि.मी. उंचीचे असिरियन (प्राचीन इराकमधल्या साम्राज्याचे) सैनिक मागवले. चिलखत, शिरस्त्राण, ढाल सगळं सोनेरी केलं, तर पूजेच्या भांड्यांसारखे नुसते चमकताहेत. नेमके कोणते रंग द्यावेत?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : सोनेरीची बाटली आधी कपाटात ठेव. हे लोखंड वापरणारं सैन्य आहे. निमरूद या असिरियन राजधानीच्या उत्खननात चिलखताच्या लोखंडी पट्ट्या मिळाल्या, निमुळती लोखंडी शिरस्त्राणंही मिळाली. ब्राँझ द्यायचंच तर शिरस्त्राणाच्या काठाला एक बारीक पट्टी दे, पुरे. चिलखताला काळा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मार. मग गडद स्टील रंगात ब्रश बुडवून तो कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पूस आणि पट्ट्यांच्या कडांवरून हलकेच फिरव. खाचांत काळं राहिलंच पाहिजे, त्यानेच एकेक पट्टी सुटी दिसते.

कापडाचं म्हणशील तर, संग्रहालयातले शिल्पपट उघड्या दगडाचे दिसतात म्हणून बरेच जण सगळं मातकट रंगवतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण ते पट मुळात रंगवलेले होते. सीरियात फरात नदीकाठी तिल बार्सिप इथे १९२९ ते १९३१ दरम्यान फ्रेंचांनी उत्खनन केलं, तेव्हा राजवाड्याच्या भिंतींवरची चित्रंच हाती लागली. त्यांत मुख्य रंग लाल, निळा, काळा आणि पांढरा. तेवढेच चार घे. अंगरखा मळकट पांढरा, झालर लाल. झालरीला आधी गडद तपकिरी सपाट दे, वाळल्यावर त्यावर लाल उभ्या रेघा ओढ. इथे घाई करू नकोस. हातभर अंतरावरून बघणाऱ्याची नजर झालर आणि दाढी या दोनच गोष्टींवर ठरते.

दाढी निव्वळ काळी केलीस तर चेहऱ्यावर डाग पडल्यासारखी दिसेल. काळ्यात थोडा निळा मिसळून बटांच्या वरच्या कडा उजळ कर. या बटा ओळीने कशा वळवलेल्या असत ते पाहायचं तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियन शिल्पपट आहेत, सहलीला गेलास की तिथे थांब.

डोळ्यांची आखणी आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात शेवटी करतात. इथे ती आधी कर, म्हणजे पांढरा बाहेर गेला तरी कातडीच्या रंगाने झाकता येतो. ब्रश शून्य नंबरचाच, पण टोक शाबूत हवं. तीन शून्यांच्या ब्रशवर रंग डोळ्यापर्यंत पोचायच्या आत वाळतो.

सगळ्यांना एकाच साच्यात बसवू नकोस. इ.स.पू. ७०१ मध्ये असिरियाचा राजा सेनाकेरिब याने लाखीश शहराला वेढा घातला. त्याच्या राजधानीतल्या, निनवेच्या राजवाड्यातले या वेढ्याचे शिल्पपट आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत तिरंदाज, गोफणवाले, भालेवाले वेगवेगळे ओळखू येतात. तुझ्याकडे तिरंदाजाच्या पुढे उंच ढाल धरणारा गडी असेल तर ती ढाल बोरूची विणलेली आहे असं समज : पिवळ्या मातीचा रंग, त्यावर पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग, वर फिक्या आडव्या रेघा. धातूचा थेंबही नको.

प्रश्न : जुलैत मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला आणि सगळी पलटण पांढुरकी झाली. रंग वाया गेला का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रंग शाबूत आहे. हवेतला दमटपणा व्हार्निशमध्ये अडकला आहे. कोरडं ऊन पडेल त्या दिवशी एकाच सैनिकावर ब्रशने चकचकीत व्हार्निशचा पातळ हात दे. बहुतेक वेळा पांढुरकेपणा जातो. तो गेला तरच बाकीच्यांना लाव, आणि पूर्ण वाळल्यावर मॅटही ब्रशनेच. पावसाळ्यात स्प्रेला हात लावू नका.