सातवीच्या वर्गाला जपानची संस्कृती आणि इतिहास शिकवायचाय, वर्गात करून घेण्यासारख्या आयडिया सांगाल का?

तुम्ही लिहिलंय की ओरिगामी, किमोनो आणि सुशीचे फोटो एवढं ठरलंय, अजून काय करता येईल. मी म्हणेन हे ठरलेलंच आधी रद्द करा. राग मानू नका, पण बारा वर्षं शाळेत शिकवतेय आणि 'जपान डे'ला ओढण्यांचे किमोनो इतके बघितलेत की आता बघवत नाहीत. एकच गोष्ट घ्या आणि ती मुलांच्या हातून करून घ्या. मी फडकं घेतलं होतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं नागोयाला होतो, मुलगा तिथल्या सरकारी शाळेत दुसरीत बसला. एप्रिलमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात चिठ्ठी आली, दोन झोकिन शिवून पाठवा. झोकिन म्हणजे जुन्या टॉवेलची घडी घालून वर धावदोरा मारलेलं फडकं, आपलं पोतेरंच, फक्त त्याच्यावर मुलाचं नाव घालायचं. मी घरून नेलेला सासऱ्यांचा जुना पंचा फाडून शिवले. शिवताना मला रडू आलं होतं, की माझा सात वर्षांचा पोरगा परक्या देशात जाऊन फरशी पुसणार. मग पालकांना शाळा बघायला बोलावलं तेव्हा बघितलं, जेवणं झाली, बाकं मागे सरकवली आणि सगळी पोरं दोन्ही हात फडक्यावर टेकवून, ढुंगण वर करून, लाकडी फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत सुटली, त्यात माझापण. बाई स्वतः कोपऱ्यात बसून पुसत होत्या. कोणी कोणाला शाबास म्हटलं नाही. दात घासल्यावर कोण शाबास म्हणतं?

पुण्यात परत आल्यावर आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, तू राहून आलीयस तर सातवीला जपान तूच घे. स्टाफरूममध्ये एक सहकारी होत्या, त्यांचं म्हणणं हजार कागदी पक्षी करू, दारात टांगू, गॅदरिंगला शोभा येईल. मी म्हटलं नाही, फडकं शिवू. प्रत्येकाने घरून जुनं कापड आणलं, मुलगे-मुली सगळे सुई-दोरा घेऊन बसले, दोन तास त्यातच गेले, आणि तिसऱ्या तासाला वर्ग पुसायला घेतला. तेव्हा कळलं की एकालाही फडकं पिळता येत नाही. वर्गात तळं. आमच्या साफसफाईच्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या, त्या चप्पल काढून आत आल्या, एका मुलाच्या हातातलं फडकं घेतलं आणि सांगितलं, असं मनगट फिरवायचं, थेंब पडायचा थांबला की मग झालं. बावन्न पोरं मावशींभोवती गोळा होऊन पिळायला शिकत होती. त्या शाळेत पंधरा वर्षं काम करत होत्या आणि त्यांना कोणी काही विचारल्याचं मी तोपर्यंत बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील आले. फी भरतो ती पोतेरं मारायला नाही, ज्यांचं काम आहे ते करतील ना. 'ज्यांचं काम आहे' हे शब्द माझ्या डोक्यातून आजही जात नाहीत, मावशी तिथेच बाहेर होत्या. मला लेखी खुलासा द्यावा लागला आणि सहकारी बाई म्हणाल्या, पक्षी केले असते तर कोणी काही बोललं नसतं. बरोबर आहे, नसतंच बोललं. म्हणूनच ते केलं नाही. जपानच्या झेन बौद्ध मठात झाडलोट हा साधनेचाच भाग असतो, त्याला सामू म्हणतात, मठाचे गुरूसुद्धा करतात, हे मी मुलांना पुसून झाल्यावर सांगितलं आणि मग एका मुलीने विचारलं की बाई, आपल्याकडे हे ठरावीक लोकच का करतात. जपानच्या तासाला हा प्रश्न निघाला. सणांची नावं पाठ करून निघाला असता का?

आता तुमचा इतिहासाचा भाग. फळ्यावर 1603, 1853, 1868 अशी सनावळी लिहून सुरुवात नका करू, बोधिसेनपासून करा. हा भिक्षू भारतातून चीनमार्गे 736 मध्ये जपानला पोचला आणि 752 मध्ये नारा शहरातल्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे त्याने रंगवले, यालाच मूर्तीचे डोळे उघडणं म्हणतात. ब्रशला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्यात सगळ्यांचा हात. तो ब्रश आणि निळी दोरी नाराच्या शोसोइन भांडारात अजून जपून ठेवलीय. वर्गात ब्रशला सुतळ्या बांधा, एकाने फळ्यावरच्या चित्राचे डोळे काढायचे, बाकीच्यांनी सुतळ्या धरायच्या. तारीख पाठ करून घ्यायची गरजच पडत नाही.

मग वर्णमाला. जपानी अक्षरांचा क्रम अ इ उ ए ओ, पुढे क स त न ह म य र व. हा संस्कृतच्या अभ्यासातून तिकडे गेलेला क्रम आहे. मुलांना विचारा, न आणि म च्या मध्ये ह कसा आला, आपल्याकडे तर प येतो. कारण जुन्या जपानीत तो प च होता. मराठी मुलाला हे दहा मिनिटांत कळतं.

कामिशिबाई पण जमेल, लाकडी चौकटीत चित्रं सरकवत गोष्ट सांगायची, 1930 च्या दशकात सायकलवरून खाऊ विकणारे लोक गल्लोगल्ली करायचे. समोर दिसणाऱ्या चित्राचा मजकूर सगळ्यात मागच्या चित्राच्या पाठीवर असतो, तेवढी गंमत आधी नीट समजून घ्या.

आणि कागदी पक्षी करायचेच असतील तर सादाको सासाकी या मुलीची गोष्ट सांगितल्याशिवाय नको, दवाखान्यात बरं वाटावं म्हणून ती कागदाचे करकोचे घडत होती. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची, 1955 मध्ये बाराव्या वर्षी ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, गेली. पण तेवढ्यावर थांबू पण नका, 1937 मध्ये चीनमधल्या नानजिंगला जपानी फौजेने केलेली कत्तल सांगा, 1942 ते 45 अंदमान जपानी फौजेच्या ताब्यात होतं ते सांगा. नुसतं हिरोशिमा शिकवलं तर मुलांना वाटतं जपानने फक्त सोसलं.

हो, एक राहिलं, जपानी शाळांत सफाई कामगार नसतातच असं व्हॉट्सॲपवर फिरतं ते खोटं आहे, असतात, मुलं त्यांच्या जोडीने करतात. तिकडच्या शाळांत एकट्या पडलेल्या मुलाला छळण्याचे प्रकारही होतात, माझ्या मुलाला पहिलं वर्ष जड गेलं, तेव्हा स्वर्ग म्हणून शिकवू नका. फडक्याचा तास घेणार असाल तर पालकांना आधी चिठ्ठी पाठवा, मी पाठवली नव्हती. तुमच्या शाळेतल्या मावशींना मात्र त्याच्याही आधी विचारा, आणि त्या हो म्हणाल्या तर तो तास त्यांनाच घेऊ द्या.

कापड जुनंच आणायला सांगा. नवीन टॉवेल पाणी टिपत नाही, नुसतं पसरवतो.