सावता महाराजांच्या मळ्यात मिरची आली कुठून?

इतिहासातल्या गैरसमजांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर निम्मी पत्रं खाण्याबद्दलचीच आली. आधी तीच घेतो.

प्रश्न : नमस्कार सर, मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की मिरची पोर्तुगीजांनी भारतात आणली. आम्ही लहानपणापासून अभंग म्हणतोय, 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी, लसूण मिरची कोथिंबिरी, अवघा झाला माझा हरी.' सावता महाराज तर ज्ञानेश्वर माउलींच्या काळातले. मग चुकतंय कोण, महाराज की तुम्ही?
– एक वारकरी वाचक, पंढरपूर

उत्तर : माउली, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. अरणच्या सावता महाराजांनी समाधी घेतली १२९५ साली. मिरचीचं झाड मूळचं अमेरिकेतलं, कोलंबस तिकडे पोचला १४९२ ला आणि वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ ला. म्हणजे मधे २०० वर्षांचं अंतर आहे, ते काय करून भरून निघत नाही.

त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, नाहीतर पिंपळी, थोडंफार आलं. 'मिरची' हे नावच मुळात मिऱ्यावरून पडलंय, संस्कृतातलं मरीच. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा मानसोल्लास हा बाराव्या शतकातला ग्रंथ आहे, त्यात मांड्यांपासून मांसापर्यंत राजाच्या ताटातलं काय काय आलंय, पण तिखटाला मिरी, मिरची नाही. ते जाऊद्या, १५९० च्या आसपासची आइन-ए-अकबरी घ्या, त्यात बादशहाच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांची मापंसुद्धा दिलीयत, तिथेही मिरीच, आणि तोवर पोर्तुगीजांना गोव्यात येऊन ८० वर्षं झालेली. मिरची आली म्हणून लगेच सगळीकडे ठेचा सुरू झाला असं नाही.

मग अभंगात कशी घुसली? आता दोनच शक्यता उरतात. एक म्हणजे मूळ शब्द मिरीसारखा काही असेल आणि तो पुढे मिरची झाला. दुसरी, अभंग शतकानुशतकं तोंडातोंडी फिरला आणि टाळ धरलेल्या कुणाच्या तरी तोंडात आपल्या वाफ्यातली भाजी आली. मला दुसरी जास्त पटते. कारण बघा, कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर हे सगळं अरणच्या मळ्यात उगवणारं आहे, मिऱ्याचा वेल मात्र मलबार-कोकणातला, सोलापूरकडच्या कोरड्या हवेत तो कसा धरणार? म्हणजे मिरीही तिथे परकीच. तुम्ही आपला अभंग आहे तसाच म्हणा हो, शब्द बदलाल तर चाल बिघडेल.

प्रश्न : दादा, आमच्याकडे दर एकादशीला वाद. सासूबाई म्हणतात साबुदाण्याची खिचडी ऋषीमुनींपासून चालत आलीय, आणि मी त्यात कोथिंबीर टाकली की म्हणतात उपास मोडला. खरं काय ते एकदा लिहा, मी अंक फ्रीजवर चिकटवणारे.
– एक सूनबाई, डोंबिवली

उत्तर : ताई, चिकटवायच्या आधी शेवटपर्यंत वाचा, तुमच्याही अंगावर येईल.

खिचडीची कढई समोर ठेवा आणि एकेक जिन्नस बाहेर काढत चला. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून, तो दक्षिण अमेरिकेतला. दाण्याचं कूट, शेंगदाणा तिकडचाच. बटाटा अँडीज पर्वतातला, आणि त्याचं मराठी नावसुद्धा पोर्तुगीजांकडून उचललेलं. हिरव्या मिरचीचं वर सांगितलंच. सोबत रताळ्याचा कीस केला असेल तर तेही अमेरिकेतलं, आणि राजगिऱ्याचा लाडू घेतलात तरी सुटका नाही. कढईत उरलं काय, तूप, जिरं आणि मीठ. ऋषीमुनींना एवढ्यावरच भागवावं लागलं असतं.

साबुदाण्याची तर अजून गंमत आहे. सुरुवातीला तो यायचा मलाया-इंडोनेशियाकडून, तिथल्या सागो नावाच्या ताडासारख्या झाडाच्या खोडातला गर काढून केलेला, साबुदाण्यातला 'साबु' तो. दुसऱ्या महायुद्धात ती आयात बंद पडली आणि तमिळनाडूत सेलमच्या बाजूला लोकांनी कसाव्यापासून तसेच दाणे करायला घेतले. कंद सोलून दळायचा, पांढरं दूध गाळून खाली बसू द्यायचं, तो ओला साका कापडात हलवून हलवून त्याचे गोळे होतात, मग चाळायचे, भाजायचे, उन्हात वाळवायचे. आज आपण रात्री भिजत घालतो आणि सकाळी दोन बोटांत दाबून बघतो तो दाणा बहुतेक तिकडचाच असतो. म्हणजे आत्ताच्या साबुदाण्याचं वय ऐंशीच्या थोडं पुढे, कदाचित तुमच्या आजेसासूबाईंपेक्षा कमी.

मग हे सगळं उपासाला चालायला कसं लागलं? उपासाला वर्ज्य म्हणजे मुख्यतः धान्यं-कडधान्यं, कंदमुळं चालतात, आणि हे नवे पाहुणे कंदमुळांच्या दारातून आत आले असावेत असा माझा अंदाज. शेंगदाणा कुठल्या दारातून आला ते विचारू नका.

आता तुमचं. कोथिंबीर या सगळ्यांपेक्षा कितीतरी आधीपासून इथे आहे, पण जुनी आहे म्हणून उपासाला चालते असं थोडंच आहे? ते घरोघरी वेगळं असतं, काही घरांत तर जिरंही चालत नाही. त्या मुद्द्यावर मी सासूबाईंच्या बाजूने. खिचडीच्या वयाचा मुद्दा तुमचा.

प्रश्न : चीनची भिंत चंद्रावरून दिसते हे खरंय ना? शाळेत तर शिकवलंय.
– एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही दिसत. भिंत लांब आहे हजारो किलोमीटर, पण रुंदीला बहुतेक ठिकाणी सात-आठ मीटरच्या आतच. चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर. ती दिसत असेल तर आपला पुणे-मुंबई एक्स्प्रेसवे आधी दिसायला हवा, तो तिच्यापेक्षा रुंद आहे, खंडाळ्याचं ट्रॅफिकसुद्धा मोजता येईल मग. मजा अशी की ही गोष्ट माणूस अवकाशात जायच्या कितीतरी आधीपासून सांगितली जातेय. २००३ मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई जाऊन आला, आणि तो तर चंद्राच्या मानाने अगदी जवळून पृथ्वीभोवती फिरत होता, त्यालाही भिंत दिसली नाही, तसं त्याने येऊन सांगितलं.

प्रश्न : काका, आम्ही सिंहगडावर गेलो होतो. तिथे एक जण सांगत होते की तानाजी मालुसरे यशवंती घोरपडीला दोर बांधून चढले आणि त्यांच्यामुळे कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं. बाबा म्हणाले दोन्ही चूक. मला शाळेत बोलायचंय.
– इयत्ता आठवी, पुणे

उत्तर : बाबांना शाबासकी दे.

आधी नाव. लढाई झाली ४ फेब्रुवारी १६७० ला, आणि एप्रिल १६६३ च्या महाराजांच्या पत्रातच 'सिंहगड' आलंय. म्हणजे तानाजी पडायच्या जवळजवळ सात वर्षं आधी. दोन्ही नावं बरोबरच चालू होती.

आता घोरपड. सभासदाची बखर महाराजांच्या पदरी असलेल्या माणसाने लिहिलीय, १६९७ च्या सुमारास, म्हणजे लढाई बघितलेली माणसं तेव्हा हयात असणार. तो सांगतो की चढण्यात पटाईत असे दोन मावळे निवडले, ते वानरासारखे कडा चढून गेले, वरून माळ लावली, म्हणजे दोराची शिडी, आणि बाकीचे तिच्यावरून वर गेले. वानर आहे, घोरपड नाही. घोरपड आहे ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात, तिथे ती कड्यावरून मागे फिरते आणि तानाजी तिला दम देतो, ऐकताना अंगावर काटा येतो. पण खरी घोरपड वजनाला फार तर सहा-सात किलो, तिच्या नखांवर अख्खा माणूस लोंबकळवायचा म्हणजे... आणि घोरपडे घराण्याच्या आडनावाचीही अशीच कथा सांगतात, तिथे किल्ला खेळणा आणि काळ बहमनी. एकच घोरपड किती किल्ले चढणार?

मला विचारशील तर रात्री, थंडीत, हाताने कडा चढलेली ती दोन माणसं घोरपडीपेक्षा भारी आहेत, आणि आपल्याला त्यांची नावंही सांगता येत नाहीत.

अजून एक, बाबांनाही माहीत नसेल. 'गड आला पण सिंह गेला' हे वाक्य घराघरात पोचलं ते ह. ना. आपट्यांच्या त्याच नावाच्या कादंबरीने. सभासदाच्या बखरीत महाराज म्हणतात, 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला.' वर्गात हे वाक्य आधी फळ्यावर लिही आणि मग बोलायला सुरुवात कर. आणि पुढच्या वेळी गडावर ते काका भेटले तर त्यांनाही सांग, पण पिठलं-भाकरी खाऊन झाल्यावर, आधी सांगितलंस तर वाद होतील आणि भाकरी गार होईल.