जिप्सी किंगमध्ये जुन्या ४१० ची ट्रान्सफर केस टाकली तर बर्फात ग्रिप वाढते का?

तुम्ही विचारलंय की लातूरहून जानेवारीत स्पितीला जायचंय, गाडी जिप्सी किंग आहे, आणि तुमचा मिस्त्री म्हणतोय की भंगारातून जुन्या ४१० ची, म्हणजे किंगच्या आधीच्या जिप्सी मॉडेलची, ट्रान्सफर केस आणून टाकू म्हणजे बर्फात गाडी चिकटून चालेल. वर अमेरिकेतली लोकं पिकअपच्या ट्रान्सफर केस बदलताना तुम्ही व्हिडिओत बघितलीत, म्हणून तुम्हाला ते पटायलंय. माझं सरळ उत्तर, ग्रिपसाठी बदलू नका. माझ्याकडं १० वर्षं जिप्सी आहे, परभणीकडच्या काळ्या मातीत रोज चालते, आणि ही केस मी स्वतः बदलून बघितलेली आहे.

ट्रान्सफरचं काम एवढंच की गिअरबॉक्समधून आलेली ताकद नुसती मागच्या डिफला (डिफरन्शियल, म्हणजे डाव्या उजव्या चाकात ताकद वाटणारा गोळा) द्यायची का पुढच्याला पण द्यायची, आणि लो टाकला की तीच ताकद फिरणं कमी करून वाढवून द्यायची. चाक जमिनीला किती धरतं हे त्या डब्याच्या हातात नाही. किंगच्या केसमध्ये हायचा, म्हणजे नेहमीच्या रस्त्यावरचा रेशो (फिरणं किती पट कमी होतं तो आकडा) १.४०९ आणि लोचा २.२६८, जुन्या ४१० मध्ये १.५८० आणि २.५११. म्हणजे हायमध्ये १२ टक्के आणि लोमध्ये ११ टक्के जास्त ओढ मिळते. पण बर्फात गाडी अडकते ती ओढ कमी पडली म्हणून नाही, ओढ जास्त झाली आणि चाक जागच्या जागी फिरलं म्हणून. म्हणून तर बर्फाच्या भागात लोक गाडी दुसऱ्या गिअरवर हळूच उचलतात. तुम्ही पैसे देऊन उलटं करायलात.

हां, एक फायदा आहे आणि तो मी लपवणार नाही. स्पितीचं मुख्य गाव काझा ३,६०० मीटरच्या वर आहे, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्केच राहतो, त्यामुळं आपलं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन चढावर धापा टाकतं, तिथं ४१० ची केस असली तर चढ सोपा जातो. उतारावर लोमध्ये इंजिनचा ब्रेक पण थोडा जास्त लागतो. पण त्यासाठी लातूर ते शिमला एवढा लांबचा हायवे तुम्हाला तेवढ्याच स्पीडला १२ टक्के जास्त आरपीएमवर मारावा लागेल, गाडी ८० ला ओरडायला लागेल आणि पेट्रोल पण जास्त पिईल. मला तो सौदा परवडणारा वाटत नाही.

आता अमेरिकेचं. तिकडच्या काही पिकअप आणि मोठ्या एसयूव्हीत, म्हणजे २००० नंतरच्या जीएमसी डेनाली किंवा कॅडिलॅक एस्कलेडमध्ये, एनपी १४९ नावाची केस यायची. ती कायम चारही चाकांना ताकद देते, पुढं ३८ टक्के मागं ६२ टक्के, मधी सिलिकॉनच्या तेलातल्या पत्र्यांचं व्हिस्कस कपलिंग. तिच्यात लो गिअर नाही, पुढचा एक्सल बंद करायची सोय नाही, आणि आधी चाक थोडं घसरल्याशिवाय ते कपलिंग धरत नाही. म्हणून लोक ती काढून एनपी २४६ टाकतात, तिच्यात टू हाय, ऑटो, फोर हाय आणि २.७२ चा लो असं सगळं मिळतं. त्यासाठी शाफ्टचे दाते जुळावे लागतात, मोटर, कंट्रोलर, वायरिंग, स्विच असा सगळा संसार हलवावा लागतो. पण ज्या गोष्टीसाठी ते एवढं करतात, म्हणजे पुढचा मागचा शाफ्ट पक्का बांधणं आणि लो गिअर, ते तुमच्या जिप्सीत कंपनीतूनच आहे. तुम्हाला त्यांच्यासारखं काहीच मिळवायचं राहिलेलं नाही.

माझं काय झालं ते सांगतो. गाडी नवी नवी घेतली होती, जुलैचा महिना, दोन दिवस झड लागलेली, आमच्या शेताच्या पांदणीत गाडी बसली. फोर एच (हायमध्ये चारही चाकांना ताकद) टाकला, डॅशबोर्डवर फोर बाय फोरची लाइट लागली, तरी मागची चाकंच चिखल उडवायलीत. मी ट्रान्सफर खराब आहे असं धरलं, ज्या गॅरेजला नेली तिथं पण तेच सांगितलं, दुसरी केस आणून बसवली, ऑइल सील, रबर सगळं नवीन टाकलं. पुढच्या पावसात त्याच पांदणीत परत बसली. तेव्हा चुलतभाऊ चिखलात आडवा झाला आणि खालून बघून ओरडला, अरे पुढचा जॉइंट तर गरगर फिरायलाय, पण पुढची दोन्ही चाकं गप उभी आहेत!

म्हणजे ट्रान्सफर पहिल्या दिवसापासून ठीक होती. ट्रॅक्टरनं ओढून घरी आणली आणि उजव्या हबचं (पुढचं चाक त्याच्या शाफ्टला जोडणारं किंवा सोडणारं कुलूप, वरच्या डायलनं हातानं फिरवायचं) टोपण खोललं, तर आत ग्रीसमध्ये काळी माती जाऊन सगळं वाळून खापरीसारखं झालेलं, लॉक करणारी रिंग अर्ध्यातच अडकलेली. वरून डायल लॉकवर दिसायची, आत धरतच नव्हती. डिफ उघडा असला की ताकद तिकडं पळते जिकडं अडवणारं कुणी नाही, त्यामुळं उजवा शाफ्ट आतल्या आत मोकळा फिरायचा आणि डावं चांगलं चाक पण मेलेलं. आणि ती लाइट ट्रान्सफरवरच्या स्विचनं लागते, हबचं तिला काही माहीत नसतं. डिझेलनं धुतलं, ग्रीसचा पातळ हात दिला, आणि त्याच पांदणीतून गाडी पहिल्या झटक्यात निघाली. केसचे पैसे गेले ते गेलेच, म्हणून तुम्हाला एवढं तळमळीनं लिहायलोय.

तर मिस्त्रीला होकार द्यायच्या आधी हे करा. सपाट कडक जागेवर गाडी लावा, मागच्या चाकांना दगड लावा, हॅन्डब्रेक ओढा, दोन्ही हब लॉक करा, फोर एच आणि पहिला गिअर टाकून इंजिन बंद करा. पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि हातानं फिरवा. थोडा खेळ सोडला तर ते फिरलं नाही पाहिजे. मोकळं फिरलं तर दोन्हीपैकी एक हब धरत नाही, मग दोन्ही खोला. तुमच्या गाडीला मॅन्युअल हब आहेत असं धरून सांगतोय, आणि हबमध्ये ग्रीस कोंबून भरू नका, थंडीत ते घट्ट होतं आणि रिंग सरकत नाही.

यानंतरचा पैसा टायरमध्ये घाला. आपल्याकडं चिखलासाठी जे मोठ्या गट्ट्यांचे मड टायर घालतात ते कापसाच्या काळ्या रानात सोनं आहेत, पण गुळगुळीत बर्फावर तेच टायर तुम्हाला दरीकडं नेतील, कारण त्यांचं रबर थंडीत कडक होतं आणि गट्ट्यांवर बारीक चिरा नसतात. हिवाळी टायरचं रबर ७ अंशाच्या खाली पण मऊ राहतं, त्याच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण असते. ते नाहीच मिळाले तर आहे त्या टायरच्या मापाच्या साखळ्या घ्या, चारही चाकांना, आणि घरी अंगणात दोन वेळा लावून काढून बघा, कारण उणे १५ मध्ये बोटं चालत नाहीत. आणि ब्रेकच्या बाबतीत फोर बाय फोरचा कसलाच फायदा नाही, थांबताना सगळ्या गाड्या सारख्याच, थांबवतो तो टायर.

रस्ता तिकडं तुकड्यातुकड्यानं असतो, शंभर मीटर डांबर, मग सावलीत काचेसारखा बर्फ, मग परत डांबर. जिप्सीत मधलं डिफ नाही, म्हणून कोरड्या डांबरावर वळणावर फोर एच ठेवला तर शाफ्ट पीळ खातात, स्टिअरिंग जड होतं. हब दिवसभर लॉकच ठेवा आणि सरळ रस्त्यावर हळू चालत्या गाडीत टू एच (नुसती मागची चाकं), फोर एच करत जा, हाताला सवय होते.

मनालीकडून कुंझुमचा घाट हिवाळ्यात बंद असतो, त्यामुळं शिमला, किन्नौर, नाको, ताबो असंच जावं लागेल. आपले मिस्त्री लोक भरतात तसं रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर निघायच्या आधी काढून टाका, निम्मं कूलंट निम्मं पाणी भरा, नाहीतर पहिल्याच रात्री ब्लॉक फुटेल.

या रविवारी जॅक लावून बघा आणि कोणत्या बाजूचं चाक फिरलं ते इथं लिहा, हब खोलायचा तर कसा ते मी फोटो टाकून सांगतो.