कण्हेर वाढते पण फुलत नाही? आधी युरिया बंद करा

सोलापूरच्या ताईंनी विचारलंय: कुंपणालगतची गुलाबी कण्हेर दहा फूट उंच गेलीय, रोज पाणी आणि महिन्याला थोडा युरिया मिळतो, तरी फुलं मोजकीच आणि तीही पार शेंड्याला. कोवळ्या फांद्यांवर पिवळे किडे आहेत. घरात रांगणारं नातवंड आहे, तर झाड काढून टाकावं का?

ताई, तुमच्या कण्हेरीचे लाड जास्त झालेत. हे झाड महामार्गाच्या दुभाजकावर, धुरात आणि उन्हात, टँकर येईल तेव्हा मिळेल तेवढ्या पाण्यावर फुलतं. त्याच्या पानाची घडणच तशी आहे. वरची त्वचा जाड, मेणचट; आणि खालच्या बाजूची रंध्रं उघडी नसतात, केसाळ खळग्यांत दडलेली असतात, त्यामुळे पानातून पाणी उडून जाणं कमी होतं. अशा झाडाला रोज पाणी आणि वर युरिया दिला की ते नुसता पाला वाढवत बसतं. जमिनीत रुजलेल्या जुन्या झाडाला उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी पुरे. पावसाळ्यात तर द्यायलाच नको, फक्त काळ्या मातीत बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नका. खत म्हणाल तर जूनमध्ये दोन घमेली कुजलेलं शेणखत, बास. आणि दिवसाचे सहा तास तरी कडक ऊन हवं. शेजारच्या इमारतीची सावली येत असेल तर बाकीचे उपाय वाया.

आता छाटणी. कण्हेरीला फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला. म्हणजे जितके शेंडे जास्त तितकी फुलं जास्त. तिची पानं बहुधा एका पेरावर तीन-तीन असतात. पेराच्या जरा वर कापलं की खालून दोन-तीन फांद्या फुटतात. थंडी ओसरताना, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, सगळ्यात जुन्या खोडांपैकी एक तृतीयांश अगदी जमिनीलगत कापा आणि उरलेल्या फांद्या कमरेच्या उंचीवर आणा. झाड बोडकं दिसेल, घरातले बोलतील, दुर्लक्ष करा. हिरोशिमात अणुबॉम्बनंतर उद्ध्वस्त जमिनीवर लवकर फुललेल्या झाडांत कण्हेर होती. १९७३ साली ती त्या शहराचं अधिकृत फूल झाली. तुमच्या कात्रीचं तिला काय!

पिवळे किडे म्हणजे मावा. लुसलुशीत कोवळी फूट त्याला आवडते, म्हणून युरिया थांबला की अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. पाइपने जोरात पाणी मारून शेंडे धुवा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य साबणद्रव घालून संध्याकाळी फवारा. लेडीबर्ड दिसल्या तर फवारूच नका, त्या माव्यावरच जगतात. निळ्या डोळ्यांसारखे ठिपके असलेली बोटाएवढी हिरवी अळी दिसली तर ती एका सुंदर पतंगाची आहे. चार पानं खाईल, खाऊ द्या.

नातवंडाचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नका. पान, फूल, साल, मूळ, चीक, कण्हेरीचं सगळंच विषारी आहे आणि ते विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. पान वाळलं तरी विष जात नाही. हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून छाटा, नंतर हात धुवा. छाटलेला पाला जाळू नका, त्याचा धूरही घातक. रस्त्याकडेलाही टाकू नका. जनावर हिरवी कण्हेर सहसा टाळतं, पण वाळकी पानं चाऱ्यात मिसळली की कळत नाहीत. मुलाने काही चावल्याची नुसती शंका आली तरी उलटी व्हायची वाट न बघता किंवा घरी उलटी करवत न बसता दवाखाना गाठायचा, सोबत झाडाची फांदी न्यायची. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हे वेगळं झाड, पण तिच्या बिया तितक्याच जीवघेण्या.

मी तुमच्या जागी असते तर मूल शहाणं होईपर्यंत अंगणातली कण्हेर कुंपणाबाहेर हलवली असती. दहा फुटी झाड उपटून लावण्यापेक्षा छाटणीतल्या वीतभर निबर फांद्या घ्या, खालची पानं काढा, अर्ध्या वाळूच्या मातीत सावलीत लावा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. मग त्या बाहेर लावायच्या आणि जुनं झाड मुळासकट काढायचं; नुसतं कापलंत तर परत फुटेल.