कुस्तीगिराचे वजन, दम आणि खुराक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा गटात बसण्यासाठी पाणी बंद करून, रबरी जॅकेट घालून पळतो आणि दोन दिवसांत तीन किलो उतरवतो. वस्ताद म्हणतात, सगळेच असे करतात. काळजी करावी का? (एक पालक, सांगली)

करावी. दोन दिवसांत उतरते ती चरबी नव्हे, तर मुख्यतः पाणी आणि स्नायूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असल्याने काटा झपाट्याने खाली येतो. मात्र रक्तातील द्रव घटल्यामुळे तेवढ्याच मेहनतीला हृदयाचे ठोके वाढतात, त्वचेकडे रक्त कमी जाते आणि अंगातील उष्णता आतच कोंडते. अमेरिकेत १९९७ साली असेच वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर दगावले, त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूटवर बंदी आली. ऑलिंपिकमध्ये तर एका गटाच्या लढती दोन दिवस चालतात आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन होते, त्यामुळे पहिल्या दिवशी खाल्लेले-प्यायलेले रात्रीत पुन्हा उतरवावे लागते. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी ५० किलोच्या गटात अवघी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. वस्ताद म्हणतात ते खरे आहे, सगळेच करतात, आणि दुखणे नेमके तेच आहे. वाढत्या वयाच्या मुलाला वरच्या गटात खेळवावे.

प्रश्न : रोज भरपूर जोर-बैठका मारूनही मॅटवर दुसऱ्या फेरीत हात भरून येतात. दम कमी आहे का? (एक मल्ल, कोल्हापूर)

जोर-बैठका एका लयीत चालतात. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद, आणि प्रत्येक झटापट काही सेकंदांची. पकड सतत आवळून धरली की फुगलेले स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतात, मनगटापासून कोपरापर्यंत रक्त पुरेसे पोहोचत नाही आणि बोटे ढिली पडतात. त्यासाठी दोर चढावा, आणि तीन मिनिटांच्या जोडीत, म्हणजे सरावाच्या लढतीत, दर मिनिटाला ताज्या दमाचा जोडीदार समोर घ्यावा. निवांत गतीची लांब धाव मात्र सोडू नये, कारण तीस सेकंदांत श्वास कितपत सावरतो हे तिच्यावर ठरते. पट काढताना, म्हणजे समोरच्याचे पाय धरताना आवळावे, एरवी हात सैल ठेवावेत; हे जुन्या वस्तादांना शरीरशास्त्र न वाचताही ठाऊक होते.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची कुस्तीगीर आहे. चार महिने पाळी आलेली नाही. मेहनतीने असे होतेच, असे मैत्रिणी म्हणतात. (पुणे)

होते, पण ते चांगले नाही. मेहनतीच्या मानाने खुराक कमी पडला की शरीर पाळी थांबवते, इस्ट्रोजेन घटते आणि ज्या वयात हाडे भरायची त्याच वयात ती विरळ होऊ लागतात; पुढे साध्या सरावातही हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून इतर कारणे तपासून घ्यावीत आणि वजन न उतरवता रोजची भाकरी, भात, दूध वाढवावे.

प्रश्न : कान सुजून गोळा झाला आहे. शेकावा का? (सोलापूर)

शेकू नये. कानाच्या कूर्चेवर, म्हणजे मऊ हाडावर रक्त साचले आहे. ते दोन-तीन दिवसांतच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून काढून घेऊन वर दाबपट्टी बांधून घ्यावी, नाहीतर कानाचा आकार कायमचा बिघडतो. तोवर मॅटवर उतरू नये.