ख्रिस्ती माणसाने राजकारणापासून लांब राहावं, असं बायबल सांगतं का? मत देताना श्रद्धा बाजूला ठेवायची का?

नाही सांगत. तसं सांगणारे लोक मात्र आमच्या वसईत पैशाला पासरी आहेत आणि त्यातले एक माझे सख्खे मोठे काका.

आमच्या वाडीमागच्या बावखलात (म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं) रात्रीचे डंपर रिकामे व्हायला लागले, तेव्हा आम्ही काही जणांनी तक्रारअर्ज केला. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात टेबल टाकून सह्या घेत होतो. काका आले, अर्ज पूर्ण वाचला, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. म्हणाले, "चर्चच्या दारात राजकारण नको. रोमकरांस पत्र, अध्याय १३. अधिकाऱ्यांच्या अधीन राहायचं."

मी म्हटलं, "काका, त्याच अध्यायाचं सातवं वचनही वाचा. ज्याला कर द्यायचा त्याला द्या म्हटलंय. रस्त्यालगतचा तुकडा विकलात, तेव्हा निम्मे पैसे पांढरे होते का?"

चारचौघांत बोललो, पण बोललो. त्यानंतर काका आमच्या घराची पायरी चढले नाहीत. नाताळच्या करंज्या काकीने गुपचूप पाठवल्या. बावखल अर्धं बुजलंच.

गंमत अशी की, ते पत्र ज्या पौलाने लिहिलं, त्यालाच जेरुसलेमात फटके मारायला बांधलं, तेव्हा तो मुकाट बसला नाही. 'मी रोमी नागरिक आहे, चौकशीशिवाय मला फटके कसे मारता?' असं त्याने विचारलं (प्रेषितांची कृत्ये, अध्याय २२). पुढे त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. अधीन राहणं म्हणजे तोंड शिवून बसणं नव्हे, हे याहून स्पष्ट कसं सांगायचं?

आमच्या वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून टँकरवाले, बिल्डर आणि गुंडगिरीच्या विरोधात उभे राहिले, तेव्हाही 'फादरांनी वेदीपाशीच थांबावं' हे मी आमच्याच ओटीवर ऐकलंय. २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तर 'आपले फादर' म्हणून पेढे वाटायला हीच मंडळी पुढे!

आता मताचं. श्रद्धा बाजूला कशाला ठेवायची? पाणी कोण विकतो, गरिबाला कोण हुसकावतो, हे बघायला तीच शिकवते. पण उमेदवाराचं आडनाव डिसोजा आहे म्हणून बटण दाबणं हा निव्वळ आळस. घटना समितीचे उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी स्वतः ख्रिस्ती. १९४९ मध्ये अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळात राखीव जागा नकोत, ही भूमिका घेण्यात तेच पुढे होते. आम्ही अजून आडनावं मोजतोय.

एक राहिलंच. प्रवचनात कुणा पक्षाला मत द्या असं सांगणं मला अजिबात मान्य नाही. धर्माच्या नावावर मतं मागणं १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही बसत नाही (कलम १२३). आणि कॅथलिक फादरांना सत्तेचं पद घ्यायला त्यांचाच कॅनन लॉ (चर्चचा अंतर्गत कायदा) मनाई करतो. प्रोटेस्टंट मंडळींचे नियम वेगळे, ते त्यांच्यापैकी कुणी तरी सांगावेत.