थायलंडमध्ये नदीकाठचं एखादं छोटं, शांत गाव सुचवाल का?

पट्टाया-फुकेत नको, सोबत सत्तरीचे आईवडील, तेही शाकाहारी, आणि हातात चार दिवस, असं तुम्ही लिहिलंय. मग 'नाँग खाय' या गावी जा. मेकाँग नदीच्या काठावर, थायलंडच्या ईशान्य भागात. पलीकडचा काठ म्हणजे लाओस.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बहुतेक लोक करतात तोच मूर्खपणा केला. सकाळी गाडीतून उतरलो, तडक पूल ओलांडून लाओसच्या राजधानीला, व्हिएन्तियानला पळालो आणि परतताना गाव नुसतं रिक्षातून पाहिलं. दुसऱ्या वेळी आईला घेऊन तीन रात्री राहिलो, तेव्हा कळलं की काय हुकलं होतं.

बँकॉकहून रात्रीची स्लीपर घ्या. क्रुंग थेप अपिवत स्टेशनवरून साडेआठच्या सुमारास सुटते आणि सकाळी साडेसहाच्या आसपास पोचवते. आईवडिलांसाठी खालचेच बर्थ काढा. रेल्वेचा माणूस येऊन गादी, चादर, पडदा सगळं लावून देतो. एसी मात्र असा की शाल हवीच. विमानानेच जायचं असेल तर उदोन थानीला उतरा, तिथून रस्त्याने तासभर. या सगळ्या भागाला 'ईसान' म्हणतात, म्हणजे आपला 'ईशान्य'च. नकाशात बघा, आहेही थायलंडच्या ईशान्येला.

गावात करायचं काय? खरं सांगू, फार काही नाही, आणि तेच हवंय ना तुम्हाला? काठाने लांबलचक फरसबंद रस्ता आहे, नागांचे पुतळे आहेत, बाकं आहेत. ता सदेत नावाचा बाजार आहे, त्यात प्लास्टिकच्या वस्तू फार, पण आत फिरायला मजा येते. थाई भाषेत नदीला 'मे नाम' म्हणतात, म्हणजे शब्दशः पाण्याची आई. आपण नदीला लोकमाता म्हणतो, ते आईला सांगितलं तर ती तिथेच बाकावर पाण्याकडे बघत बसली. काठावरून थोडं पूर्वेला गेलात तर फ्रा थात क्लांग नाम, म्हणजे नदीमधला स्तूप. १८४७ साली काठ ढासळून तो पाण्यात गेला. पाणी उतरलं की त्याचा थोडासा भाग वर दिसतो. काठावर नवी प्रतिकृती बांधली आहे, पण बघायची ती पाण्यातली वीट.

पण नाँग खाय गावी जाण्याचं खरं कारण आहे साला केओ कू. गावापासून तीन-चार किलोमीटर. बुनलुआ सुलीलात नावाच्या एका गूढ साधकाने उभारलेलं सिमेंटच्या मूर्तींचं उद्यान. त्यांनी आधी, १९५८ मध्ये, लाओसच्या बाजूला असंच एक उद्यान सुरू केलं होतं. १९७५ नंतर तिथे साम्यवादी सत्ता आली, तेव्हा ते नदी ओलांडून इकडे आले आणि १९७८ पासून पुन्हा शून्यातून सुरुवात केली. बुद्ध आणि हिंदू देव एकाच आवारात. सात फण्यांच्या नागाखाली बसलेला बुद्ध आहे, मान पूर्ण मागे टाकावी लागते. सर्वांत उंच मूर्ती २५ मीटरपर्यंत जातात. गणपती दिसला तशी आईने चपला काढल्या. तिथे कुणी काढत नव्हतं.

एक मूर्तिसमूह चुकवू नका. हत्ती शांतपणे चालला आहे आणि भोवती कुत्र्यांचा कालवा, त्यातली काही चक्क माणसांसारखी वागणारी. 'हत्ती चालतो, कुत्री भुंकतात' या म्हणीचा अर्थ वेगळा सांगायला नको. दुसरा भाग म्हणजे जीवनचक्र. एका बोगद्यातून, म्हणजे आईच्या पोटातूनच म्हणा, आत शिरायचं आणि माणसाचं जगणं एकेक मूर्तीतून फिरत बघायचं. मला सगळ्यांत लक्षात राहिला तो हातात हात घालून बाकावर बसलेल्या दोन सांगाड्यांचा जोडा. शेवटी भिंतीवरून एक पाय बाहेर टाकलेला माणूस, आणि पलीकडे बुद्ध. बुनलुआंचा मृत्यू १९९६ मध्ये झाला; त्यांचा देह तिथल्याच इमारतीत जतन केलाय. आईने तिकडे यायला साफ नकार दिला, मीही आग्रह केला नाही. सावली जवळजवळ नाहीच, त्यामुळे सकाळी आठला किंवा चारनंतर जा, छत्री घ्या.

आता जेवणाचं. ही खरी अडचण, कारण इथे मासळीचा रस आणि आंबवलेली मासळी जवळजवळ सगळ्यात पडते, पपईच्या कोशिंबिरीतसुद्धा. पण शाकाहारासाठी थाई शब्द आहे 'मांगसाविरत', म्हणजे 'मांसविरती'! त्याहून कामाचा शब्द 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेला असतो. त्यात कांदा-लसूणही चालत नाही, त्यामुळे तुमच्या आईवडिलांपैकी कुणी चातुर्मास पाळत असेल तर उत्तमच. हॉटेलात 'माय साय नाम प्ला' म्हणा, मासळीचा रस घालू नका. चिकट भात बांबूच्या छोट्या टोपलीत येतो. चिमूट घ्यायची, बोटांनी गोळी वळायची, तिखट चटणीत बुडवायची. आईला हे आपल्या मोदकाच्या उकडीची आठवण देणारं वाटलं. मला नाही वाटलं, पण भात दोघांनीही तीन टोपल्या संपवला.

एक दिवस गाडी करून पश्चिमेला संगखोमच्या बाजूला जा. वाट पा ताक सुआ नावाच्या डोंगरावरच्या विहारात काचेचा सज्जा आहे, पहाटे खाली धुकं आणि नदी दिसते. हिवाळ्यात गेलात तर उदोनच्या दक्षिणेला लाल कमळांचं सरोवर, तेही सकाळीच, कारण उन्हं चढली की फुलं मिटतात. बान चियांग हे १९९२ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं प्राचीन स्थळ. लाल नक्षीची मडकी बघायला मला आवडली, आईला नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सोयीचे. एप्रिल टाळा. ऑक्टोबरातल्या आश्विन पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक वेळा कोजागिरीच्या आसपास, बौद्ध भिक्षूंचा पावसाळ्यातला मुक्काम, म्हणजे वर्षावास संपतो. त्या रात्री फोन फिसाई भागात नदीतून लाल गोळे वर उठतात असं लोक सांगतात. नाग सोडतो म्हणणारे आहेत, वायू म्हणणारे आहेत, पलीकडून कुणी बंदुकीतून सोडतं म्हणणारेही आहेत. गर्दी मात्र खरी, म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका.

लाओस बघायचाच असेल तर १९९४ चा मैत्री पूल ओलांडा. त्याच पुलाच्या मधोमध रूळ आहेत, आगगाडी आली की मोटारी थांबवतात. पलीकडे वाहनं उजवीकडून चालतात, तेव्हा रस्ता ओलांडताना आईबाबांचा हात धरा.